झुलता पूल

चिमी लोकांना गाडी चालवायला शिकवायची. शिकाऊ गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखालीही एक ब्रेक असतो. तो ब्रेक आपल्याला जन्मतःच मिळालाय आणि गाडी कुणाचीही असो, कधी दाबायचा ते आपणच ठरवायचं, अशी चिमीची पक्की समजूत होती. त्या रविवारी सकाळी ती वहिनीच्या इमारतीखाली आली, पण वर गेली नाही. दोनदा हॉर्न वाजवला आणि गाडी चालूच ठेवली.

वहिनी खाली उतरली आणि पुढची सीट रिकामी असताना मागचं दार उघडून मागे बसली.

"मी काय टॅक्सी चालवते?" चिमी म्हणाली.

"टॅक्सीवाला निदान विचारतो तरी, कुठे जायचंय म्हणून," वहिनी म्हणाली, आणि गाडी नदीकाठच्या रानाकडे निघाली.

वहिनी एका चष्म्याच्या दुकानात कामाला होती. काचा घासून फ्रेममध्ये बसवणं, वाकलेल्या काड्या सरळ करणं, निसटलेले स्क्रू लावणं हे तिचं काम. गिऱ्हाइकांपासून मालकापर्यंत सगळे तिला वहिनीच म्हणायचे. तिचा नवरा, म्हणजे चिमीचा भाऊ, शाळेत भूगोल शिकवायचा. त्याला सगळे मास्तर म्हणत. मास्तर बोलायला बसला की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे नद्या वाहू लागत. शहराच्या मधोमध, नदीच्या काठाने मैलोगणती पसरलेलं एक रान होतं. नगरपालिकेने त्याला कुंपण घालून, आत पायवाटा काढून त्याची बाग केली होती. बाग म्हणायची एवढंच, बाकी सगळं झाडझाडोरा आणि काटे. मास्तर दर रविवारी सकाळी तिथे फिरायला जायचा. वहिनी कधी गेली नव्हती. चष्म्याच्या दुकानात रविवारीच खरी गर्दी, आणि तिला झुडपांचं वेड नव्हतं. पण दुपारी जेवताना मास्तर तिला सगळं रान फिरवून आणायचा. निलगिरीची राई, बगळ्यांचं बेट, आणि सगळ्यात शेवटी तारांवर टांगलेला लाकडी झुलता पूल. आज पूल फार हलत होता, म्हणायचा. आज पुलावरून खाली बघताना पोटात गोळा आला, म्हणायचा.

गेल्या वर्षी अशाच एका रविवारी मास्तर त्या रानातच कोसळला. कुणीतरी उचलून दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

त्या सकाळी दोघांचं भांडण झालं होतं. भांडण कसलं, न्हाणीघरातला नळ गळत होता. रान काही पळून जात नाही, आधी नळाचं बघ, असं वहिनी म्हणाली. मास्तर तोंड फिरवून चहासुद्धा न घेता निघून गेला. वहिनीने रडत रडत हे घरच्यांना सांगितलं, आणि चिमीने त्याच दिवशी, नातेवाइकांनी घर भरलेलं असताना, स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून म्हटलं, "सकाळी सकाळी भांडून माझ्या भावाला उपाशी घालवला आणि स्वतः दुकानात जाऊन बसली. बरोबर कुणी असतं तर वाचला असता." ते वाक्य कामाला लागलं. आत्याने वहिनीशी बोलणं टाकलं. काका रस्त्यात दिसले तर पलीकडच्या बाजूला जायचे. सासूबाई आपलं सामान घेऊन चिमीकडे राहायला गेल्या. वहिनी काहीच बोलली नाही, कारण भांडण झालं होतं हे खरंच होतं. तेव्हापासून नळ दुरुस्त होऊनही तिला तो गळताना ऐकू यायचा.

आता चिमीने त्या रानात मास्तरच्या आठवणीसाठी एक बाक बसवून घेतला होता. सासूबाईंनी स्वतः वहिनीला फोन केला. दोघी मिळून जा आणि बघून या म्हणाल्या. माझे गुडघे चालत असते तर कुणाची मनधरणी केली नसती, असंही म्हणाल्या. म्हणून वहिनी आली होती. चिमी का तयार झाली हे तिला कळत नव्हतं. आईपुढे चिमीचा ब्रेक लागत नसे, एवढं मात्र ठाऊक होतं.

फाटकाशी रानाचा मोठा नकाशा रंगवला होता. वहिनी तो बघायला थांबली तशी चिमी म्हणाली, "नकाशा कशाला बघायचाय, हा काय समोरच आहे."

खरोखरच समोर होता. फाटकातून आत शिरलं की पहिल्याच वळणावर, गाड्या लावायच्या जागेपासून हाकेच्या अंतरावर. नवा कोरा बाक, समोर पाणी उपसायच्या पंपाची पत्र्याची खोली, तिच्यामागे चिखलाचा पट्टा आणि त्याच्याही पलीकडे बोटभर नदी. मागून रस्त्यावरचे हॉर्न ऐकू येत होते. बाकाच्या पाठीवर स्टीलची पाटी होती. वहिनीने चष्मा सारखा करून वाचली. हिरव्या वाटांवर रमणाऱ्या आमच्या लाडक्या मुलाच्या आणि भावाच्या स्मरणार्थ. खाली, आई आणि बहीण.

तिने पुन्हा एकदा वाचली. मग पर्स उघडली, कामावरचा बारीक स्क्रूड्रायव्हर काढला आणि पाटीच्या वरच्या कोपऱ्यातला स्क्रू फिरवायला लागली.

"काय करतेयस?"

"माझा नवरा होता तो. या पाटीवर तो कुणाचा नवरा नाही. म्हणजे ही दुसऱ्याच कुणाची तरी पाटी आहे, चुकून इथे लागलीये."

चिमीने तिचं मनगट धरलं. वहिनी हाडाने बारीक, पण दिवसभर पकडी चालवणारे हात, ते सुटेनात. दोघी चाळिशी उलटलेल्या बायका एका बाकापाशी हिसकाहिसकी करत होत्या, आणि पळायला आलेला एक माणूस त्यांच्याकडे बघून वाट सोडून गवतातून गेला. स्क्रू निघून खाली पडला आणि गवतात नाहीसा झाला. पाटी एका अंगाला कलली.

"जागा कमी होती पाटीवर," चिमी धापा टाकत म्हणाली.

"हिरव्या वाटांना जागा होती."

"तू आली होतीस का कधी त्याच्याबरोबर? एकदा तरी? दुकानातून सुट्टी मिळाली नाही तुला. नाव मागायला मात्र आलीस."

वहिनी बाकावर बसली. राग आला की तिचे हात थंड पडायचे. तिने ते मांडीखाली घातले आणि समोर बघितलं. पत्र्याची खोली घरघरत होती. चिखलाचा वास येत होता. मास्तरने तिला सांगितलेल्या रानात ही जागा कुठेच नव्हती. तिने विचारलं, सगळं रान सोडून बाक इथे का लावला?

"तो इथे बसायचा म्हणून."

"तो चालायला यायचा."

"चालून दमला की बसायचा."

"फाटकापाशी? आत पाऊल टाकल्या टाकल्या दमायचा?"

 चिमी नुसती गाडीची किल्ली या बोटातून त्या बोटात घालत होती.

वहिनी उठली. "मला तो झुलता पूल बघायचाय," म्हणाली.

चिमीने शिकाऊ माणसाला दटावावं तशा एकामागून एक अडचणी काढल्या. पूल फार लांब आहे. पुढे चिखल आहे. साप निघतात. आईला अकराला गोळी द्यायची असते. वहिनीला एवढंच आठवलं की काल वेळ ठरवताना फोनवर हीच चिमी म्हणाली होती, गोळ्या द्यायला शेजारीण येणार आहे. ती वाटेला लागली. मागून चिमीच्या चपला फटफटत आल्या.

मास्तर जे सांगायचा ते रान तिथे होतं, पण सांगताना तो त्याचे काटे काढून द्यायचा. निलगिरीच्या राईत सालपटं पायांखाली कडकडत होती आणि बारीक माश्या डोळ्यांत शिरत होत्या. वाटेच्या दोन्ही बाजूंनी काटेरी झुडपं आत वाकलेली. वहिनीची ओढणी दोनदा अडकली, आणि दोन्ही वेळा तिने ती सोडवत न बसता ओढून फाडली. चिमी मागून बोलतच होती. तुला आता पुळका आलाय, म्हणत होती. जिवंतपणी कधी विचारलं नाहीस कुठे जातोस, कसा जातोस. वहिनी म्हणाली, विचारायला काय लागायचं, तो स्वतःच सगळं सांगायचा. त्यावर चिमी तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणाली.

"मोठ्याने बोल."

"काही नाही."

"वर्षभर मोठ्याने बोललीस ना? आता का आवाज बसला?"

नदीकडे वाट उतरते तिथे मोकळं, दगडगोट्यांचं मैदान होतं. दोघी तिथे पोचल्या आणि डोक्यावरून एक टिटवी किंचाळत गेली. मग दुसरी. टिटवीची अंडी उघड्या दगडांत असतात आणि त्या दिवसांत ती कुणाची गय करत नाही. पहिली टिटवी वळून आली ती सरळ चिमीच्या डोक्यावर. पंखांचा वारा लागला. चिमी हात उडवत वहिनीच्या आडोशाला आली. वहिनीने पर्स डोक्यावर धरली आणि बाजूला सरकली, आडोसा न देता. टिटव्यांनाही ते कळलं असावं. मैदान संपेपर्यंत त्या चिमीवरच येत राहिल्या आणि वहिनी एका लयीत चालत राहिली. तिला हसू आलं नाही. बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली नाही.

मैदानाच्या टोकाला झाडी संपली आणि पूल आला.

तो काँक्रीटचा होता. रुंद, सरळ, दोन्ही बाजूंना हिरव्या रंगाचे लोखंडी कठडे. एक बाई जुळ्यांची ढकलगाडी घेऊन त्यावरून येत होती आणि पूल तसूभरही हलत नव्हता. पलीकडे झाडांच्या डोक्यांवरून उंच इमारतींच्या खिडक्या चमकत होत्या.

वहिनीने ढकलगाडीवाल्या बाईला विचारलं, झुलता पूल कुठे आहे? बाई म्हणाली, तो होय, तो मोठ्या पुरात वाहून गेला, हा त्याच्याच जागी बांधलाय, झाली की बरीच वर्षं. ती गेली. पुलाच्या तोंडाशी उद्घाटनाचा दगड होता. वहिनीने त्यावरचं साल बघितलं. मास्तर जायच्या आधी तीन वर्षांचं होतं. म्हणजे तीन वर्षं आणि त्याआधी पुरापासून बांधकाम चाललं तेवढा काळ, तो दर रविवारी जेवताना तिला नसलेल्या पुलावरून नेत होता. आज फार हलत होता. आज पोटात गोळा आला.

ती कठड्याला धरून उभी राहिली. चिमी चार पावलं मागे थांबली होती. तिच्या केसांत काटकी अडकली होती.

"तो इथपर्यंत येत नव्हता," वहिनी म्हणाली.

"नव्हता."

"कधीपासून?"

"वहिनी, घरी जाऊन बोलू."

"इथेच बोल. नाहीतर मी फाटकापाशी उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगेन, ही बाई कोण आणि वर्षभर काय बोलत होती."

मग चिमीने सांगितलं, नदीकडे तोंड करून. मास्तरच्या हृदयाची एक झडप त्या पुराच्याही आधी बिघडली होती. चार पावलं चाललं की धाप लागायची. डॉक्टरने ऑपरेशन सांगितलं होतं, लवकर करा म्हणून बजावलं होतं. पण त्यांचे वडील ऑपरेशनच्या टेबलावर गेले होते, आणि मास्तरने त्या टेबलाची जी धास्ती घेतली ती घेतलीच. बायकोला कळलं तर ती उचलून नेऊन टेबलावर झोपवील, हे तो ओळखून होता. म्हणून तिला सांगायचं नाही अशी त्याने बहिणीला शपथ घातली. गोळ्या तो चिमीच्या गाडीतल्या कप्प्यात ठेवायचा. रविवारी चिमी त्याला फाटकापर्यंत आणायची, दोघं त्या पंपासमोर बसायची आणि दुपारी तो घरी जायचा.

"आणि त्या दिवशी?"

"त्या दिवशी माझी शिकवणी होती. मी म्हटलं आज जमणार नाही, जाऊ नकोस. तो म्हणाला बसने जातो." चिमीने केसांतली काटकी ओढून काढली. "मी शिकवणी रद्द करायला पाहिजे होती."

वहिनीला वाटलं होतं की असं काही कधी ऐकलंच तर आपण कोसळू. ती कोसळली नाही. तिला फक्त एकेक गोष्ट स्वच्छ दिसायला लागली, नव्या काचा लावल्यावर समोरच्या दुकानाची पाटी दिसावी तशी. जिना चढताना तो मध्येच थांबून भिंतीवरची पालीची पिल्लं का दाखवायचा. पिशव्या उचलताना त्याचा फोन नेमका का वाजायचा.

"एवढं सगळं माहीत असताना तू स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिलीस," ती म्हणाली. "आणि म्हणालीस, हिने मारला."

"मारला असं म्हटलं नाही मी."

"तेच म्हणालीस. आणि बरोबर कुणी असतं तर वाचला असता, हे कुणाबद्दल होतं ते तुला पक्कं माहीत होतं. तुझा वाटा तू माझ्या ताटात वाढलास, चिमे. मी तो वर्षभर गिळला."

चिमी म्हणाली, मला सहन होत नव्हतं. वहिनी म्हणाली, मला होत होतं असं तुला कुणी सांगितलं? मग चिमीने, कदाचित ओझं हलकं करायला, शेवटचं तेही सांगून टाकलं. आईला पहिल्यापासून माहीत होतं. आईचंही म्हणणं होतं, त्याला नको तर नको, ऑपरेशन म्हटलं की मला यांचंच आठवतं.

वहिनी परत फिरली. टिटव्यांच्या मैदानातून दोघी गेल्या तेव्हा चिमीने डोकं झाकलंसुद्धा नाही.

गाडीशी आल्यावर वहिनी पुन्हा मागेच बसली. चिमीने किल्ली फिरवली तशी ती म्हणाली, गाडी बंद कर. आधी आत्याला फोन लाव. आवाज बाहेर येईल असा. मला जे सांगितलंस ते तुझ्या तोंडाने तिला सांग.

"आत्ता?"

"ज्या तोंडाने ते पसरवलंस, त्याच तोंडाने गोळा कर."

चिमीने आरशातून तिच्याकडे बघितलं. शिकवणाऱ्याला आरशातून गाडीतलं सगळं दिसतं. तिथे काय दिसलं कुणास ठाऊक, तिने फोन लावला. आत्या आधी ऐकेचना, मग विचारायला लागली, मग रडायला लागली आणि म्हणाली, मी त्या पोरीच्या तोंडावर दार लावलं गं. ती पोर मागच्या सीटवर बसून ऐकतेय हे चिमीने सांगितलं नाही, आणि वहिनीनेही सांगू दिलं नाही. मग काका. काकांनी दोनच शब्द उच्चारले, ते चिमीसाठी होते आणि बरे नव्हते. तिसरा फोन लावायला चिमीने बोट उचललं तेवढ्यात तिच्याच फोनवर आईचा फोन आला. तिने तो न उचलता मागे दिला.

सासूबाईंनी विचारलं, बघितलात का बाक?

"पूलही बघितला," वहिनी म्हणाली.

 मग सासूबाई म्हणाल्या, "मला वाटलंच, तू पुढे जाशील. म्हणूनच दोघींना पाठवलं. माझ्या तोंडून निघेना गं."

"तोंडाने सांगवेना म्हणून मला पायांनी पाठवलंत. तुमच्या मुलाने तेच केलं, आई, फक्त उलटं. पाय चालेनात, तर तोंडाने फिरवून आणलं." तिला आणखी पुष्कळ बोलायचं होतं. पण म्हातारी पलीकडे गुडघ्यावर हात ठेवून एकटी बसलेली तिला दिसली, आणि ते दिसलं याचाच तिला राग आला. "गोळी घेतलीत का?" एवढं रागातच विचारून तिने फोन पुढे टाकला.

वाटेत चिमी म्हणाली, पाटी बदलून घेते, तुझं नाव सगळ्यात वर घालते. वहिनी म्हणाली, पाटी राहू दे नाहीतर नदीत टाक, मला त्या बाकावर नाव नको, तिथे बसून तुम्ही दोघांनी मला फसवलंत. चिमीने विचारलं, मग मी आता काय करू? वहिनी म्हणाली, पुढच्या चौकात मला उतरव. चिमीने ब्रेक दाबला.

घरी आल्यावर तिने आधी पायांतले काटे काढले. मग वाल सोलायला बसली. चार-पाच शेंगा सोलून झाल्या आणि ती मास्तरशी बोलायला लागली. वर्षभर ती त्याच्याशी एकच बोलत आली होती: माझं चुकलं. आज ती त्याला मनात येईल ते बोलली. भित्रा कुठला, म्हणाली. भूगोल शिकवतोस आणि नसलेले पूल दाखवतोस? मला काय वाटेल ते तूच ठरवून मोकळा झालास? मी नेलं असतं ओढत, हो, नेलं असतं, वाचला असतास किंवा नसतास, पण मी बाहेर बसले असते ना! तिचा आवाज चढत गेला. दाणे पातेल्यात, सालं जमिनीवर, काही दाणे जमिनीवर आणि सालं पातेल्यात, असं चाललं होतं. मध्येच ती रडली, मग पुन्हा भांडली.

दारावर टकटक झाली. शेजारीण होती. आवाज ऐकून आले, म्हणाली, आत डोकावत. कोणी आलंय का पाहुणं?

वहिनीने हाताच्या मागच्या बाजूने नाक पुसलं.

"नाही," म्हणाली. "घरातलंच आहे."

आणि दार लावून घेऊन ती राहिलेलं बोलायला आत गेली.